छोट्या व्यवसायाची वेबसाइट: आधी काय, मग काय

वेबसाइट करायची ठरली की चर्चा सुरू होते ती रंग, लोगो आणि होम पेजवरच्या सरकत्या चित्रांची. या गोष्टी केव्हाही बदलता येतात, तेव्हा त्यावर आधी डोकेफोड करण्यात अर्थ नाही. नंतर निस्तरायला जड जातात त्या गोष्टी वेगळ्याच असतात: डोमेन (साइटचा पत्ता) कुणाच्या नावावर आहे, पासवर्ड कुणाकडे आहेत, आणि साइटवर आलेल्या माणसानं पुढे नेमकं काय करायचं आहे.

या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यात आधी एका ओळीत लिहून काढा. त्यानं फोन करावा? व्हॉट्सॲपवर मेसेज टाकावा? भेटीची वेळ घ्यावी? की तिथल्या तिथे पैसे भरून वस्तू मागवावी? मुख्य कृती एकच निवडा, बाकीच्या दुय्यम ठेवा. ऑनलाइन विक्री करायची तर काम बरंच वाढतं हे धरून चाला. पेमेंट गेटवे (ऑनलाइन पैसे स्वीकारायची सेवा), शिल्लक मालाची नोंद, पाठवणीचा खर्च, माल परत घेण्याचे नियम आणि ‘पैसे कापले गेले पण ऑर्डर पडली नाही’ म्हणून येणारे फोन, हे सगळं तुम्हालाच सांभाळायचं असतं. महिन्याला मोजक्याच ऑर्डर असतील तर चौकशीपुरती साइट पुष्कळ झाली. विक्रीची सोय मागाहून जोडता येते. पुढचं सगळं प्रामुख्यानं अशा चौकशीच्या साइटला धरून आहे.

डोमेन, ईमेल आणि खाती

रजिस्ट्रारकडे (डोमेन विकणाऱ्या कंपनीकडे) खातं स्वतः उघडा, पैसे स्वतः भरा आणि नोंदणीदार म्हणून स्वतःचं किंवा फर्मचं नाव द्या. ‘तुम्ही काळजी करू नका, मी सगळं बघतो’ म्हणणाऱ्या डेव्हलपरनं डोमेन घेतलं की ते त्याच्या खात्यात जातं. त्याच्या मनात काही वाईट नसलं तरी वर्षा-दोन वर्षांनी तो काम सोडतो, नंबर बदलतो, आणि तुमच्या व्यवसायाचं नाव दुसऱ्याच्या लॉगिनमध्ये अडकून पडतं. डेव्हलपरला काम करायला तुमचा पासवर्ड लागत नाही. वर्डप्रेसमध्ये (साइट बनवायचं सॉफ्टवेअर) त्याला वेगळा युजर काढून द्या, गूगल बिझनेस प्रोफाइलवर (गूगलवरची व्यवसायाची नोंद) मॅनेजर म्हणून घ्या, ॲनालिटिक्समध्ये (साइटवर येणाऱ्यांची मोजणी) एडिटर करा. काम झालं की ती नावं काढून टाका.

नाव निवडताना एक साधी चाचणी करा. ते कुणाला तरी फोनवर एकदाच सांगा आणि लिहून पाठवायला सांगा. चुकीचं लिहून आलं तर नाव बदला. मधली आडवी रेघ आणि आकडे टाळलेले बरे. ‘4’ आकड्यात की अक्षरात, हे आयुष्यभर सांगत बसावं लागतं.

डोमेन आपोआप रिन्यू होण्याची सोय चालू ठेवा आणि जोडलेल्या कार्डाची मुदत बघून ठेवा. इथे एक खाच आहे. रजिस्ट्रारच्या खात्याला त्याच डोमेनवरचा ईमेल पत्ता दिलेला असेल, तर डोमेनची मुदत संपल्याबरोबर तो ईमेलही बंद पडतो. मग शेवटच्या सूचना आणि पासवर्ड बदलायची लिंक, काहीच तुमच्यापर्यंत पोचत नाही. त्या खात्याला जीमेलसारखा वेगळा पत्ता द्या. डॉट कॉमसारखं डोमेन मुदत संपून डिलीट झालं तरी 30 दिवस सोडवून घेता येतं, पण त्याचं शुल्क नेहमीच्या रिन्यूच्या कितीतरी पट असतं. ते दिवसही उलटले की ते कुणीही घेऊ शकतं.

व्यवसायाचा ईमेल मात्र स्वतःच्या डोमेनवर असावा. तो सुरू करताना मेल सेवा तुम्हाला काही डीएनएस नोंदी (डोमेनची साइट आणि मेल कुठे आहेत ते सांगणारी यादी) देते. एमएक्स नोंद मेल कुठे पोचवायचा ते सांगते; एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या नोंदींवरून समोरचा सर्व्हर मेल खरोखर तुमच्याकडूनच आला का ते पडताळतो. फेब्रुवारी 2024 पासून जीमेल सगळ्याच पाठवणाऱ्यांकडून एसपीएफ किंवा डीकेआयएम मागतं, आणि दिवसाला 5000 च्या आसपास किंवा त्याहून जास्त मेल पाठवणाऱ्यांकडून तिन्ही. तुम्ही दिवसाला दहाच मेल पाठवत असलात तरी तिन्ही करून ठेवा, नाहीतर पाठवलेलं कोटेशन स्पॅममध्ये पडून राहतं आणि तुम्ही उत्तराची वाट बघत बसता.

होस्टिंग (साइट ठेवण्याची भाड्याची जागा) बदलताना हमखास होणारा घोटाळा म्हणजे साइट नीट चालते आणि मेल बंद पडतो. कारण साधं असतं. नेमसर्व्हर (या नोंदी ठेवणारे सर्व्हर) नव्या होस्टिंगवर वळवले की जुन्या जागच्या डीएनएस नोंदी आपोआप सोबत येत नाहीत, एमएक्स नोंद तिथेच राहते. बदलाआधी सगळ्या नोंदींचे स्क्रीनशॉट काढून ठेवा. शक्य असेल तर नेमसर्व्हरना हात न लावता फक्त साइटची ए नोंद (साइट कोणत्या सर्व्हरवर आहे ते सांगणारी) बदला.

साइट कशावर उभी करायची

पाच-सात पानांच्या साइटसाठी दोनच पर्याय विचारात घ्यावेत. स्वतः हाताळायची असेल आणि तांत्रिक देखभाल नको असेल तर तयार साइट बिल्डर (साचे जुळवून साइट बनवायची सेवा). पुढे वाढवायची असेल आणि देखभालीला माणूस असेल तर वर्डप्रेस. पूर्ण नव्यानं कोड लिहून घेतलेली साइट छोट्या व्यवसायाला सहसा परवडत नाही. पहिला खर्च जास्त, पण मुख्य अडचण अशी की पुढची प्रत्येक दुरुस्ती त्याच माणसाकडून करून घ्यावी लागते. बिल्डर निवडताना मजकूर आणि फोटो बाहेर काढता येतात का, एवढं आधी विचारा.

फक्त सोशल मीडियाच्या पानावर भागेल का? काही दिवस भागेल. पण ती जागा दुसऱ्याची आहे आणि तिचे नियम रातोरात बदलतात. गूगल बिझनेस प्रोफाइलमधून मोफत साइट बनवायची सोय होती; मार्च 2024 मध्ये गूगलनं त्या सगळ्या साइट बंद केल्या. ज्यांचं स्वतःचं डोमेन होतं त्यांनी नवी साइट त्याच पत्त्यावर उभी केली, बाकीच्यांच्या कार्डांवर आणि पाट्यांवर मेलेला पत्ता राहिला.

पानांवर काय लिहायचं

सुरुवातीला इतकी पानं पुरतात: होम, प्रत्येक मुख्य सेवेचं स्वतंत्र पान, तुमच्याबद्दल, संपर्क आणि माहितीच्या गोपनीयतेचं धोरण. ‘आमच्या सेवा’ नावाच्या एकाच पानात दहा सेवांची यादी कोंबू नका. लोक गूगलवर एका वेळी एकच अडचण शोधतात आणि गूगल त्या अडचणीला जुळणारं पान दाखवतं. सेवा चार असतील तर पानंही चार.

वॉशिंग मशिन दुरुस्त करणाऱ्या एखाद्याचं उदाहरण घेऊ. अशा होम पेजवर सहसा पहिली ओळ असते: ‘आपले सहर्ष स्वागत. गुणवत्ता, विश्वास आणि ग्राहकांचे समाधान हेच आमचे ध्येय.’ ही ओळ दंतवैद्याच्या साइटवरही चालेल आणि छापखान्याच्याही, म्हणजेच ती काहीच सांगत नाही. तिच्या जागी असं लिहा: ‘वॉशिंग मशिन दुरुस्ती, तुमच्या घरी येऊन. वरून आणि समोरून कपडे टाकायच्या दोन्ही प्रकारच्या मशिन. तपासणीचं शुल्क दुरुस्तीच्या बिलातून वजा होतं.’ त्याखाली लगेच कुठवर येता ते, फोनचं बटण आणि फोन उचलण्याच्या वेळा. फोनवरचा पहिला स्क्रीन एवढ्यानंच भरला पाहिजे. काय करता, कुणासाठी करता, कुठवर येता आणि संपर्क कसा करायचा, हे बोटानं न सरकवता दिसलं की अर्धं काम झालं.

सेवेच्या पानासाठी मजकूर सुचत नसेल तर आठवडाभर फोनवर येणारे प्रश्न वहीत लिहून ठेवा. ‘मशिनमधून पाणी बाहेर जात नाही, किती खर्च येईल?’ ‘सुटा भाग तुम्ही आणता की आम्ही?’ ‘दुरुस्तीनंतर परत बिघडली तर?’ प्रश्न लोकांच्याच शब्दांत मथळा म्हणून घ्या आणि खाली दोन-चार वाक्यांत सरळ उत्तर द्या. लोक सर्चमध्ये जवळपास हेच शब्द टाकतात, त्यामुळे वेगळे ‘कीवर्ड’ पेरत बसावं लागत नाही. दराबद्दल बरेच जण मौन बाळगतात. नेमका आकडा देता येत नसेल तर किमान किती, कमाल किती आणि तो कशावर ठरतो, एवढं लिहा. ज्याला ते परवडणारं नाही तो फोन करत नाही, आणि तुमचाही वेळ वाचतो.

मजकूर चित्रात लिहू नका. दरपत्रक किंवा पत्ता फोटोत असला की तो कॉपी करता येत नाही, अंध व्यक्तीचा स्क्रीन रीडर तो वाचत नाही आणि सर्चलाही त्याचा भरवशाचा उपयोग होत नाही. मराठी मजकूर युनिकोडमध्येच (सगळीकडे चालणाऱ्या प्रमाणित अक्षरांत) हवा. छपाईसाठी वापरले जाणारे जुने फॉन्ट पडद्यावर मराठी दाखवतात, पण आत भलतीच अक्षरं असतात, त्यामुळे ते पान मराठी शब्दांनी सापडतच नाही.

फोटो आणि वेग

साइट हळू असण्याचं पहिलं कारण बहुतेक वेळा फोटोच असतात. फोनच्या कॅमेऱ्याचा फोटो 4000 पिक्सेल रुंद आणि 3 ते 5 एमबीचा असतो. तो तसाच चढवला की ब्राउझर पानावर तो लहान करून दाखवतो, पण डाउनलोड मात्र पूर्ण करावा लागतो. असे आठ फोटो म्हणजे पंचवीस ते चाळीस एमबी, आणि तेही रस्त्यावर उभ्या असलेल्या माणसाच्या मोबाइल डेटावर. चढवण्याआधी रुंदी 1200 ते 1600 पिक्सेल करा, वेबपी या हलक्या फोटो-प्रकारात साठवा आणि प्रत्येक फोटो 200 केबीच्या आत आणा. डोळ्यांना फरक कळतही नाही. फोटो तुमच्या कामाचेच टाका. हातात हात मिळवणारी सूटबूटवाली विकतची माणसं लोक लगेच ओळखतात.

मग गूगलच्या पेजस्पीड इनसाइट्समध्ये पत्ता टाकून मोबाइलचा निकाल बघा. तिथे तीन मापं महत्त्वाची. मुख्य भाग 2.5 सेकंदांच्या आत दिसावा, बटण दाबल्यावर 200 मिलिसेकंदांत प्रतिसाद मिळावा, आणि पान भरताना मजकूर खालीवर उड्या मारण्याचं माप 0.1 पेक्षा कमी असावं. शंभरपैकी शंभर गुण मिळवायच्या नादी लागू नका. ही तीन मापं हिरव्यात आली की पुढच्या कामाला लागा. सरकती चित्रं, आपोआप वाजणारा व्हिडिओ आणि चार प्रकारचे फॉन्ट काढले की वेग बहुधा आपसूक सुधारतो.

साइट खुली करण्याआधी

दुसऱ्याच्या फोनवर, वायफाय बंद करून, या गोष्टी एकेक तपासा:

1. फोन नंबरवर बोट ठेवल्यावर थेट डायलर उघडतो का? व्हॉट्सॲपच्या लिंकमध्ये नंबर देशाच्या कोडसह असावा. अधिकचं चिन्ह, मोकळी जागा आणि सुरुवातीचा शून्य नको. यातलं काही राहिलं तर लिंक नीट चालेलच असं नाही.
2. फॉर्म भरून पाठवा. मेल खरंच आला का? स्पॅममध्ये गेला का? ‘धन्यवाद’ दिसलं म्हणजे मेल पोचलाच असं नाही. वर्डप्रेसमध्ये फॉर्मचे मेल एसएमटीपी प्लगइनमधून (मेल पाठवणारा जोड-प्रोग्राम) स्वतःच्या मेल खात्यामार्फत पाठवा. सर्व्हरवरून तसेच सोडलेले मेल पुष्कळदा वाटेतच अडवले जातात. फॉर्ममध्ये नाव, नंबर आणि अडचण एवढेच रकाने ठेवा.
3. पत्त्याच्या सुरुवातीला एचटीटीपीएस आहे का? जुलै 2018 पासून क्रोम त्याशिवायच्या साइटवर ‘सुरक्षित नाही’ असा शिक्का मारतं. लेट्स एन्क्रिप्टचं प्रमाणपत्र मोफत मिळतं. बहुतेक होस्टिंगवर ते एका बटणानं बसतं आणि आपोआप नवं होतं.
4. वर्डप्रेसच्या सेटिंग्जमध्ये रीडिंग या पानावर सर्च इंजिनांना दूर ठेवण्याची एक चौकट असते. साइट बनत असताना डेव्हलपर तिथे टिक करतात आणि काढायला विसरतात. सहा महिने साइट गूगलवर का दिसत नाही याचं उत्तर अनेकदा त्या एका टिकमध्ये असतं.

गूगल बिझनेस प्रोफाइल

ग्राहक आसपासचा असेल तर ही मोफत नोंद वेबसाइटपेक्षाही लवकर फोन आणते. म्हणून साइट अर्धवट असली तरी हे काम लांबवू नका. नोव्हेंबर 2021 पर्यंत हिला गूगल माय बिझनेस म्हणत. कुणी ते नाव घेतलं तर गोष्ट हीच.

नाव पाटीवर आहे तेच टाका. नावापुढे सेवा आणि गावाचं नाव जोडून लांबलचक मथळा केला की काही दिवस फायदा दिसतो, मग कुणीतरी तक्रार करतं आणि प्रोफाइल निलंबित होतं. मुख्य प्रकार, म्हणजे कॅटेगरी, सगळ्यात विचारपूर्वक निवडा. कोणत्या शोधात तुम्ही यायचं हे मोठ्या प्रमाणात त्यावर ठरतं. शिवाय आणखी 9 प्रकार जोडता येतात, पण जे खरंच करता तेवढेच जोडा. लोक तुमच्याकडे येत नसतील आणि तुम्हीच त्यांच्याकडे जात असाल, तर पत्ता लपवून सेवेचे भाग नोंदवा. आता पडताळणी बहुतेक वेळा व्हिडिओनं होते. बाहेरचा रस्ता आणि पाटी, मग आतली साधनं, मग फक्त मालकालाच करता येईल असं काही, जसं कुलूप उघडणं, हे सगळं न थांबता एकाच शॉटमध्ये घ्या. तुकडे जोडलेला व्हिडिओ नाकारला जातो.

अभिप्राय मागायची योग्य वेळ म्हणजे काम संपल्यावर लगेच, ग्राहक समोर असताना. प्रोफाइलमधून मिळणारी अभिप्रायाची लिंक फोनमध्ये साठवून ठेवा आणि तिथेच पाठवा. सवलतीच्या बदल्यात अभिप्राय घेणं किंवा फक्त खूश ग्राहकांनाच लिंक देणं, दोन्ही नियमांविरुद्ध आहे. वाईट अभिप्रायाला त्याच दिवशी उत्तर देऊ नका. दुसऱ्या दिवशी द्या, तीन वाक्यांत: काय झालं, तुम्ही काय करणार आणि संपर्क कुणाशी साधायचा. ते उत्तर खरं वाचणार आहेत पुढचे ग्राहक. आणि ‘तुमचं प्रोफाइल बंद होणार आहे, पैसे भरा’ असा फोन आला तर ठेवून द्या. या नोंदीला पैसे लागत नाहीत.

सर्चमध्ये येण्यासाठी

गूगलच्या सर्च कन्सोल या साधनात डोमेनची मालकी डीएनएसच्या टीएक्सटी नोंदीनं सिद्ध करा, साइटमॅप (पानांची यादी) द्या आणि मुख्य पानांची तपासणी करून इंडेक्स करण्याची (गूगलच्या यादीत घेण्याची) विनंती करा. नव्या साइटला स्थिर जागा मिळायला महिने लागतात. पहिल्या क्रमांकाची हमी देणाऱ्याला दारातूनच परत पाठवा, कारण तशी हमी कुणीच देऊ शकत नाही. शेकड्यानं लिंक विकत घेण्याच्या वाटेलाही जाऊ नका.

प्रत्येक पानाचं टायटल (सर्चमध्ये दिसणारा मथळा) वेगळं आणि साधारण 60 अक्षरांच्या आत ठेवा, सेवा आधी आणि फर्मचं नाव नंतर. मेटा कीवर्ड (पानाच्या कोडमध्ये लपवलेले शोधशब्द) भरून देण्याचे पैसे कुणी मागत असेल तर लक्षात असू द्या, गूगलनं ते क्रमवारीसाठी वापरत नसल्याचं 2009 मध्येच जाहीर केलं आहे.

मोजणी

जाहिरातीवर पैसे टाकण्याआधी मोजणी बसली पाहिजे. गूगल ॲनालिटिक्समध्ये तीन घटना नोंदवा: फोनच्या बटणावर टिचकी, व्हॉट्सॲपच्या बटणावर टिचकी आणि फॉर्म पाठवला गेल्यावर उघडणारं आभाराचं पान. त्याच बैठकीत डेटा साठवण्याची मुदत 2 महिन्यांवरून 14 महिने करा. मूळ सेटिंग 2 चं असतं आणि गेल्या वर्षीच्या हंगामाशी तपशीलवार तुलना करायची वेळ आली की पंचाईत होते. पोस्ट, पत्रक आणि व्हॉट्सॲप अशा प्रत्येक ठिकाणी यूटीएम (स्रोत सांगणारी खूण) जोडलेली वेगळी लिंक द्या, म्हणजे माणूस कुठून आला ते कळतं. सगळ्यात भरवशाचं साधन मात्र फोनशेजारची वही. ‘आमच्याबद्दल कुठे कळलं?’ हे प्रत्येकाला विचारायचं आणि एका शब्दात लिहून ठेवायचं.

पहिली जाहिरात

आधी हिशेब. समजा 100 जण पानावर आले, त्यातल्या 4 जणांनी चौकशी केली आणि 2 जणांनी काम दिलं. म्हणजे एका ग्राहकामागे 50 क्लिक. एका क्लिकचा खर्च गुणिले 50, ही रक्कम तुमच्या एका कामातल्या निव्वळ नफ्याहून कमी आहे का? नसेल तर जाहिरात वाढवून तोटाच वाढेल. आधी पान सुधारा. 4 च्या 8 चौकशा झाल्या आणि त्यातल्या निम्म्यांनी काम दिलं, तर जाहिरातीला हात न लावता तोच खर्च निम्म्यावर येतो.

गूगल ॲड्समध्ये पहिली मोहीम फक्त सर्चची ठेवा. मोहीम उभी करताना डिस्प्ले नेटवर्क (इतर साइटवरच्या चित्रजाहिराती) आणि सर्च पार्टनर (इतरांच्या शोधसाइट) यांच्यावरच्या टिक काढा. ठिकाणाच्या सेटिंगमध्ये मूळ पर्याय असतो ‘त्या भागात असलेले किंवा त्या भागात रस दाखवणारे’. तो बदलून फक्त ‘त्या भागात असलेले’ करा, नाहीतर दुसऱ्या टोकाला बसलेल्या माणसाच्या क्लिकचे पैसे तुम्ही भरता. दिवसाच्या बजेटबद्दल गैरसमज नको: एखाद्या दिवशी गूगल त्याच्या दुपटीपर्यंत खर्च करू शकतं, पण महिन्याचा आकडा रोजच्या बजेटच्या 30.4 पटीच्या पुढे नेत नाही. कीवर्ड सुरुवातीला एक्झॅक्ट (नेमका तोच शोध) आणि फ्रेज (तो अर्थ असलेला शोध) प्रकारातले दहा-पंधराच घ्या. क्लिक होम पेजवर न आणता त्या सेवेच्या पानावर आणा.

चार दिवसांनी ‘सर्च टर्म्स’ हा अहवाल उघडा. लोकांनी प्रत्यक्षात काय टाकलं होतं ते तिथे दिसतं. आपल्या दुरुस्तीवाल्याला तिथे ‘वॉशिंग मशिन दुरुस्ती कोर्स’, ‘वॉशिंग मशिन स्वतः कशी दुरुस्त करावी’, ‘वॉशिंग मशिन मेकॅनिक नोकरी’, ‘जुनी वॉशिंग मशिन विकणे’ अशा ओळी सापडतील. यातला एकही जण ग्राहक नाही आणि प्रत्येकाच्या क्लिकचे पैसे गेलेले असतात. ‘कोर्स’, ‘स्वतः’, ‘नोकरी’, ‘विकणे’ हे शब्द निगेटिव्ह कीवर्ड (ज्यांवर जाहिरात दिसू नये असे शब्द) म्हणून टाका. पहिला महिना दर आठवड्याला हे करा, नंतर पंधरा दिवसांनी चालेल. गूगलकडून येणाऱ्या ‘शिफारशी’ आपोआप लागू होण्याची सोय बंद ठेवा. त्यातल्या बऱ्याच शिफारशींनी खर्च वाढतो.

सोशल मीडियाच्या जाहिराती वेगळ्या कामाच्या. तिथला माणूस काही शोधत नसतो, तो वेळ घालवत असतो. बघून हवीशी वाटणारी वस्तू असेल तर तिथे पैसे टाका. बंद पडलेल्या मशिनसाठी सर्चच बरा. पोस्टखालचं ‘बूस्ट’चं बटण सोपं असतं, पण लाइक वाढले म्हणजे चौकशा वाढल्या असं समजू नका.

देखभाल

महिन्यातून एकदा तास-दीड तास काढा. वर्डप्रेस, थीम आणि प्लगइन अद्ययावत करा, पण त्याआधी बॅकअप घ्या. न वापरलेली प्लगइन नुसती बंद न करता काढून टाका. हॅकर बहुधा जुन्या प्लगइनमधूनच शिरतात. सगळ्या खात्यांना दोन टप्प्यांचं लॉगिन लावा. बॅकअपची एक प्रत होस्टिंगच्या बाहेर ठेवा, कारण होस्टिंगचं खातंच बंद पडलं तर आतला बॅकअपही त्यासोबत जातो. सहा महिन्यांतून एकदा ती प्रत चाचणीच्या जागी उघडून साइट पूर्ण उभी राहते का ते बघा; डेटाबेस आहे पण फोटोंचा फोल्डरच नाही, असे बॅकअप पुष्कळ निघतात. आणि त्याच दिवशी फॉर्म भरून स्वतःलाच एक चौकशी पाठवा.